रूळ गेले, पट्टा राहिला: सेंट्रल ओटागोच्या १५२ किलोमीटर सायकलवाटेचं प्रकरण

डोंगराळ मुलखात सायकलवर सामान लादून निघालेल्या माणसाला चढाची फारशी भीती नसते. चढ आला की गियर खाली आणायचा, तोही पुरला नाही तर उतरून ढकलायचं, धाप लागली की थांबायचं. भीती असते ती त्याच चढावर मागून येणाऱ्या ट्रकची. घाटात सायकलचा वेग ताशी चार-पाच किलोमीटरवर येतो. त्या वेगात ती सरळ रेषेत राहत नाही, हॅन्डल डावी-उजवीकडे डुलत राहतं. नेमकं तेव्हाच अरुंद वळणावर मागचं वाहन पुढे काढायला बघतं. सपाटीवर ट्रक सोसवतो, निर्जन वाटेवर चढ सोसवतो. दोन्ही एकत्र आले की हौशी माणूस एकदा जातो आणि पुन्हा जात नाही.

म्हणून डोंगरात वाहनमुक्त सायकलवाट हवी म्हणताना आपण दोन गोष्टी मागत असतो. गाड्या नकोत ही पहिली, आणि ती तुलनेने सोपी आहे. प्रत्येक डोंगरात पायवाटा असतात, तिथे गाड्या येत नाहीत. पण त्यांचा चढ वीस किलो सामान असलेल्या सायकलला झेपत नाही. मंद चढ ही दुसरी मागणी आणि तीच महाग. डोंगर कापून, दऱ्यांवर पूल घालून शेकडो किलोमीटर मंद चढाची वाट केवळ सायकलींसाठी कुणी बांधून देत नाही. ती बांधली गेली आगगाडीसाठी, कारण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर तीव्र चढ चढताच येत नाही.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सेंट्रल ओटागो भागात अशी एक रेल्वे १९९० साली बंद पडली आणि २००० साली तिची सायकलवाट झाली. ओटागो सेंट्रल रेल ट्रेल हे तिचं नाव, क्लाइड ते मिडलमार्च हा तिचा पल्ला, १५२ किलोमीटर. तिच्यावर लिहिताना बहुतेक जण देखाव्यांवर लिहितात. देखावे आहेतच, पण मला त्या मधल्या दहा वर्षांबद्दल, त्यातही पहिल्या तीनांबद्दल लिहायचं आहे. या प्रकरणाचा निकाल तिथे लागला, असं माझं मत आहे.

मुलूख आणि त्याची रेल्वे

सेंट्रल ओटागो हा बेटाच्या आतला, समुद्रापासून डोंगरांनी तोडलेला पठारी भाग. लांबट डोंगररांगा आणि त्यांच्यामध्ये रुंद सपाट खोरी, अशी त्याची ठेवण: टाएरी नदीचं खोरं, मॅनिओटोटोचं माळरान, आयडा खोरं, मनुहेरिकिया खोरं. खोऱ्यात चालणं सोपं, एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणं अवघड. डोंगर पावसाचे ढग अडवतात. त्यामुळे अलेक्झांड्रा गावाला वर्षाकाठी साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो. उन्हाळा भाजून काढणारा, आणि हिवाळा असा की रॅनफर्लीला १९०३ साली उणे २५.६ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. झाडं थोडी, गवत पिवळं, मेंढ्या भरपूर, माणसं विरळ.

१८६१ साली ओटागोत सोनं सापडलं, पुढच्याच वर्षी क्लाइडजवळच्या डन्स्टन भागात. लोंढे आले, गावं वसली. रेल्वेचं पहिलं कुदळ मात्र १८७९ साली पडलं, आणि मग काम रखडत रखडत चाललं: मिडलमार्च १८९१, हाईड १८९४, रॅनफर्ली १८९८, ओमाकाऊ १९०४, क्लाइड १९०७. शेवटचं स्थानक क्रॉमवेल १९२१ साली गाठलं. बेचाळीस वर्षं. तोवर सोन्याची गर्दी ओसरून गेली होती. गाडीने मग लोकर, मेंढ्या आणि क्लाइड-अलेक्झांड्राच्या बागांतली फळं वाहिली.

रस्ते सुधारले तशी गाडी मागे पडली. १९७६ साली प्रवासी रेलकार थांबली. मालगाडी टिकली ती काही काळ कायद्याच्या आधाराने. ट्रकने लांब पल्ल्यावर माल नेण्यावर न्यूझीलंडमध्ये बंधन होतं, शेवटी ते दीडशे किलोमीटरचं होतं. १९८०च्या दशकात ते टप्प्याटप्प्याने उठलं. दरम्यान क्लाइडला धरणाचं काम निघालं. क्रॉमवेलची घळ बुडणार होती, म्हणून क्लाइडच्या पुढची लाइन १९८० साली बंद झाली. उरलेली लाइन धरणाचं सामान वाहण्यासाठी चालू ठेवली होती. ते काम सरलं आणि एप्रिल १९९०च्या अखेरीस मिडलमार्चच्या पलीकडे गाडी थांबली. रूळ आणि स्लीपर उचलून नेले गेले.

हे सगळं घडलं ते त्या भागाच्या वाईट काळात. १९८४ नंतर न्यूझीलंड सरकारने शेतीची अनुदानं काढून घेतली होती आणि मेंढपाळीवर जगणाऱ्या गावांना त्याचा जबर फटका बसला होता. रेल्वे गेली म्हणजे तिच्यावरच्या नोकऱ्याही गेल्या. ओटुरेहुआ, लॉडर, वेडरबर्न, वायपियाटा ही मूठभर घरांची गावं. त्यांना पुढे काय दिसत असेल, याची कल्पना गिरणी किंवा साखर कारखाना बंद पडलेलं गाव पाहिलेल्या कुणालाही करता येईल.

तीन वर्षं

रूळ निघाल्यावर जमिनीवर काय उरतं? एक लांबलचक, अरुंद, खडीने भरलेला पट्टा. त्यावर साठाहून अधिक पूल, तीन बोगदे, आणि दोन्ही बाजूंना मेंढ्यांच्या कुरणांची कुंपणं. जमीन म्हणून त्याची किंमत नगण्य. शेजारच्या शेतकऱ्याला मात्र त्यातला आपल्या हद्दीतला तुकडा हवा असतो, आणि ते स्वाभाविक आहे. रेल्वेने शंभर वर्षांपूर्वी कुरणाचे दोन भाग केले होते. आता ते पुन्हा जोडता येणार होते.

इथे गणित विचित्र आहे. दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यातला अर्धा किलोमीटर विकला गेला तरी उरलेल्या साडेएकशेएकोणपन्नास किलोमीटरांची लांबच्या प्रवासाला असलेली किंमत कोसळते. शेतजमिनीचं तसं नसतं. दहा एकरांतला एक एकर विकला तर नऊ एकर शाबूत राहतात. पट्ट्याची सगळी किंमत त्याच्या सलगपणात असते. ती दिसत नाही, कागदावर कुठे लिहिलेली नसते, आणि एकदा गेली की परत मिळवायला प्रत्येक तुकड्याच्या मालकाशी नव्याने बोलणी करावी लागतात. त्यातला एक जण नाही म्हणाला की संपलं.

१९९३ साली संवर्धन खात्याने हा पट्टा रेल्वेकडून घेतला, तो अखंड. हे खातं १९८७ साली स्थापन झालं होतं आणि राष्ट्रीय उद्यानं, अरण्यं, पायवाटा सांभाळणं हे त्याचं काम. एका उजाड माळावरची बंद रेल्वे घेणं त्याच्या नेहमीच्या कामात बसत नव्हतं. पुढच्या वर्षी, १९९४ साली, स्थानिकांचा विश्वस्त निधी उभा राहिला. जमीन आणि देखभाल खात्याची, पैसे जमवणं आणि लोकांना पटवणं निधीचं, अशी ढोबळ वाटणी झाली.

या प्रकरणातला निर्णायक क्षण कोणता, असं विचारलं तर बरेच जण २००० सालच्या उद्घाटनाकडे बोट दाखवतील. माझ्या मते तो १९९०पासून १९९३पर्यंतचा काळ आहे, जेव्हा वरवर पाहता काहीच घडत नव्हतं. पट्टा कुणी तोडला नाही, एवढंच घडलं. तेव्हा ना सर्वेक्षण होतं ना सायकलस्वार होते. या वाटेवरून कोण जाणार, या प्रश्नाला कुणाकडेही धड उत्तर नव्हतं.

विरोध कोणाचा आणि कशाचा

शेजारच्या बऱ्याच शेतकऱ्यांना ही कल्पना पसंत नव्हती. त्यांना आडमुठे ठरवणं सोपं आहे आणि चुकीचंही. मेंढ्यांच्या विण्याच्या दिवसांत कळपातून अनोळखी माणसं गेली तर आया पिलांना टाकून पळतात. उघडं राहिलेलं एक फाटक दोन कळप मिसळून टाकतं आणि ते वेगळे करण्यात अख्खा दिवस जातो. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते. शिवाय संडास कुठे, कचरा कुठे, रात्री कुणी कुरणात तंबू ठोकला तर काय, हे प्रश्न होतेच. आगगाडी दिवसातून ठरलेल्या वेळी जायची आणि कुणी खाली उतरत नसे. सायकलवाला कुठेही थांबतो.

या आक्षेपांना भाषणाने उत्तर देता येत नाही, बांधकामाने देता येतं. वाटेवर ठिकठिकाणी फाटकं आली, आणि नियम एकच: जसं सापडलं तसं ठेवून पुढे जायचं. संडास बांधले गेले. मोटरगाड्यांना बंदी झाली. पायी चालणारे, सायकली आणि घोडे यांना मोकळीक. शेतकऱ्यांनी जनावरं वाटेपलीकडे नेणं पूर्वीसारखंच चालू राहिलं. कळप आडवा आला की सायकलवाल्याने थांबायचं. सायकलवाट म्हणजे सायकलींचं राज्य, अशी कल्पना घेऊन येणाऱ्याला हे खटकेल. पण चालत्या कुरणांमधून जाणारी वाट अशीच टिकते. इथे पाहुणा सायकलवालाच आहे.

खडी, पूल आणि पन्नासात एक

रूळ काढले म्हणजे वाट तयार झाली, असं वाटतं. तसं होत नाही. रुळाखालची खडी मुद्दाम मोठी आणि टोकदार असते, म्हणजे दगड एकमेकांत अडकतात, स्लीपर हलत नाही आणि पाणी निचरून जातं. त्याच खडीवर सायकलचं चाक घसरतं, रुततं आणि हातापायांची हाडं खिळखिळी होतात. तिच्यावर बारीक खडीमातीचा थर पसरून तो दाबून बसवावा लागला. या कामाला इथल्या कोरड्या हवेची मोठी मदत झाली. अशी खडीची वाट जास्त पावसाच्या डोंगरात दरवर्षी वाहून गेली असती, इथे ती थोड्या डागडुजीवर टिकते. हे यश दुसरीकडे नेऊ पाहणाऱ्याने पावसाचा आकडा आधी बघावा.

पुलांचं काम त्याहून खर्चिक. रेल्वेच्या पुलाला तळच नसतो, स्लीपरच्या फटींतून खाली नदी दिसते. कठडाही नसतो, कारण आगगाडीला तो लागत नाही. प्रत्येक पुलावर फळ्यांचा तळ आणि दोन्ही बाजूंना कठडे घालावे लागले, आणि असे पूल साठाहून जास्त. निधीने जमवलेल्या पैशाचा मोठा वाटा इथे लागला. काम टप्प्याटप्प्याने झालं, एकेक भाग खुला होत गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये सबंध वाटेचं रीतसर उद्घाटन झालं.

आता चढ. या वाटेवरचा कमाल चढ पन्नासात एक आहे, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेलं की एक मीटर उंची, २ टक्के. बोरघाटातल्या रेल्वेचा चढ सदतीसात एक आहे, त्यावरून अंदाज करावा. वाटेचा माथा वेडरबर्नजवळ, ६१८ मीटरवर. क्लाइडकडून निघालं तर साडेचारशे मीटरच्या आसपास उंची गाठायची असते, पण ती सत्तरएक किलोमीटरांत वाटली गेलेली आहे.

पायाला याचा अर्थ काय, हे आकड्यांत मांडता येतं. माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरू. ताशी बारा किलोमीटर वेगाने २ टक्के चढ चढायला गुरुत्वाविरुद्ध सुमारे ६५ वॅट लागतात. खडीच्या वाटेचा रेटा आणि हवा धरून एकूण ११० वॅटच्या घरात. रोज सायकल चालवणारा साधा माणूस एवढी ताकद काही तास लावू शकतो. तोच माणूस तेवढीच ताकद लावून ८ टक्क्यांच्या घाटरस्त्यावर गेला तर त्याचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या खाली येतो आणि सायकल डुलायला लागते. बारा किलोमीटरचा वेग राखायचा तर त्याला ३०० वॅट हवेत, आणि तेवढे तासभर लावणं कसलेल्या शर्यतपटूचं काम. चढ चौपट झाला की प्रवास चौपट अवघड होत नाही, तो बहुतेकांना अशक्य होतो. दहा वर्षांचं मूल आणि सत्तर वर्षांची आजी एकाच वाटेवर दिसतात त्याचं कारण या हिशेबात आहे.

उतारावरही तेच. २ टक्के उतारावर अशी लादलेली सायकल ब्रेकला हात न लावता ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जाऊन स्थिरावते. खडीवर सांभाळता येईल असा तो वेग आहे.

वारा मात्र कुणी इंजिनियर काढून टाकू शकत नाही. या उघड्या खोऱ्यांत वायव्येकडून जोराचं वारं सुटतं. ताशी तीस किलोमीटरचा वारा समोरून आला तर बारा किलोमीटरच्या वेगासाठी केवळ हवेपोटी दीडशेहून अधिक वॅट खर्ची पडतात, म्हणजे चढाच्या दुपटीहून जास्त. या वाटेचा खरा घाट म्हणजे वारा. मुक्काम ठरवताना किलोमीटरांपेक्षा हवामानाचा अंदाज बघावा, आणि मधल्या गावी एक दिवस जास्तीचा ठेवावा.

मंद चढासाठी रेल्वेला किती वळसे घ्यावे लागले, ते ओमाकाऊ आणि चाटो क्रीक यांच्यामधल्या टायगर हिलवर दिसतं. तिथे लाइन सरळ न जाता लांब वाकणं घेत उंची कमावते. दुसरी जागा पूलबर्नची घळ. आयडा खोऱ्यातून मनुहेरिकिया खोऱ्यात उतरायला मध्ये रॅगेडी रेंज आडवी येते. इंजिनियरांनी पूलबर्न नदीने कापलेली घळ धरली आणि तिथे दोन बोगदे आणि ३७ मीटर उंचीचा पूल बांधला. खांब स्थानिक शिस्ट दगडाचे, घडीव. कुदळ, फावडं, सुरुंग आणि हात एवढ्या बळावर हे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत झालं. दोन्ही बोगदे दोनशे मीटरहून लांब आणि आत दिवा नाही, त्यामुळे दिवसाउजेडी जाणाऱ्यानेही टॉर्च बाळगायचा असतो. इथून मोटररस्ता जात नाही. हा पूल बघायचा तर पायी, सायकलने किंवा घोड्यावरूनच.

हाईडजवळ वाट एका अपघाताच्या जागेवरून जाते. ४ जून १९४३ रोजी क्रॉमवेलहून ड्युनेडिनला निघालेली एक्सप्रेस इथल्या खोदीव वळणावर रुळांवरून घसरली, एकवीस माणसं गेली. जवळ स्मारक आहे. तिथे उतरून दोन मिनिटं थांबावं, असं मला वाटतं. आपण ज्या सुबक वळणावरून आरामात घरंगळतो ते कुणासाठी आणि कशासाठी होतं, हे तिथे कळतं.

पाहुणे आले तेव्हा

सायकलवाटेने गावांना काय दिलं, हे समजायला एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. मोटरीने जाणारा माणूस क्लाइड ते मिडलमार्च हे अंतर दोन-अडीच तासांत कापतो आणि मधल्या गावांत पाय ठेवत नाही. सायकलवाल्याला तेवढ्याच अंतराला तीन ते पाच दिवस लागतात. त्याला दर वीस-पंचवीस किलोमीटरांवर भूक लागते, संध्याकाळी अंथरूण लागतं, आणि पुढच्या मोठ्या गावापर्यंत रेटत जाणं त्याला शक्य नसतं. हळूपणामुळे पैसा आपोआप लहान गावांत सांडतो. आगगाडीला पाणी घ्यायला, माल चढवायला जेवढ्या अंतरावर थांबावं लागे, साधारण त्याच अंतरांवर ही गावं आहेत. सायकलवाल्याला तीच अंतरं लागतात.

त्यामुळे शेतघरातल्या रिकाम्या खोल्या पाहुण्यांना मिळू लागल्या. जुन्या इमारतींत मुक्कामाची सोय झाली. सायकली भाड्याने देणारे आले, आणि सामानाच्या बॅगा व्हॅनने पुढच्या मुक्कामी पोचवणारेही. ही बॅगांची सोय लहान वाटते, पण तिनेच ही वाट अनुभवी भटक्यांच्या पलीकडे, साध्या कुटुंबांपर्यंत नेली. वाट वापरायला पैसे पडत नाहीत. प्रवासी एक पासपोर्टसारखी वही घेऊन ठिकठिकाणी शिक्के मारत जातात, आणि मुलं पुढचा शिक्का मिळवायला न कुरकुरता आणखी दहा किलोमीटर जातात.

रेल्वे बंद पडताना जे विकलं किंवा हलवलं गेलं, त्यातलं काही परत आलं. वेडरबर्नचं हिरवं गोदाम हे त्याचं उदाहरण. एका नामवंत चित्रकाराच्या चित्रामुळे देशभर ओळखीचं झालेलं हे पत्र्याचं गोदाम लाइन बंद झाल्यावर दुसरीकडे गेलं होतं. गावकऱ्यांनी ते पुढे परत आणून जागेवर बसवलं. नुसती सायकलवाट म्हणून पाहिलं तर त्याची गरज नव्हती. पण आपल्या गावाची खूण कोणती, हे त्या गावाला माहीत होतं.

ओटुरेहुआजवळ तर सायकलवाल्याने थांबलंच पाहिजे. अर्नेस्ट हेज नावाच्या गिरणीकामगाराने १८९५ साली तिथे कार्यशाळा काढली. आधी सशांसाठीचं विषारी आमिष कापायचं यंत्र, पुढे कुंपणाची तार ताणायची अवजारं. वस्तू चांगल्या होत्या, पण या विरळ मुलखात गिऱ्हाईक गाठणार कोण? त्याची बायको हॅना सायकलवर निघाली. रस्ते म्हणजे चाकोऱ्या, अंगावर पायघोळ झगा, मधल्या डोंगरांना ना पूल ना बोगदे, कारण रेल्वे तिथवर पोचायची होती. शेतावरून शेतावर जात तिने नवऱ्याच्या यंत्रांच्या ऑर्डरी आणल्या. ती कार्यशाळा आज वारसास्थळ म्हणून जपलेली आहे. या खोऱ्यात सायकलीवर पोट भरण्याची सुरुवात १९९३ची नव्हे, ती हॅना हेजपासूनची आहे.

सगळ्याच गावांना सारखा लाभ झाला, असं मात्र नाही. वाट रेल्वेची, म्हणून ती रेल्वेच्या गावांतूनच जाते. ओफिर हे सोन्याच्या काळातलं देखणं दगडी गाव ओमाकाऊपासून थोडं बाजूला पडलं आहे, नेझबी त्याहून लांब. तिथे जायला वाट सोडून मोटररस्ता धरावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी लाइन आखणाऱ्याने जे गाव वगळलं, ते आजही वगळलं जातं.

देशाने धडा घेतला, अर्धा

२००९ साली न्यूझीलंडचे पंतप्रधान जॉन की यांनी मंदीवरच्या रोजगार परिषदेनंतर देशभर सायकलमार्ग उभारण्याची योजना पुढे आणली. पाच कोटी न्यूझीलंड डॉलरची तरतूद झाली आणि त्यातून ‘ङा हाएरेंगा’ हे सायकलवाटांचं जाळं उभं राहिलं. सेंट्रल ओटागोचं उदाहरण तेव्हा सर्वांसमोर होतं. आज त्या जाळ्यात तेवीस मोठ्या वाटा आहेत.

त्यातली एक अलेक्झांड्राहून सुटते आणि क्लूथा नदीच्या काठाने रॉक्सबर्ग धरणाकडे जाते. ही रॉक्सबर्ग घळीची वाट २०१३ साली खुली झाली. वाट सुरेख आहे. पण अलेक्झांड्राकडून दहाएक किलोमीटर गेल्यावर ती थांबते. पुढच्या सुमारे बारा किलोमीटरांत वाट नाही, सायकल जेटबोटीत चढवून ते अंतर पाण्यातून काढावं लागतं, आणि मग उरलेली वाट पुन्हा सुरू होते. बोटीला पैसे पडतात, वेळ ठरवून यावं लागतं. कारण एकच, मधल्या जमिनीतून वाट मिळालेली नाही. एकाच गावातून दोन वाटा निघतात. एका बाजूला १५२ किलोमीटर अखंड, दुसऱ्या बाजूला बावीसेक किलोमीटर आणि मध्ये भोक. मुलूख तोच, हवा तीच. फरक एवढाच की पहिल्या वाटेचा पट्टा कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी सलग घेऊन ठेवला होता आणि १९९०नंतर तो तुटू दिला नाही.

क्लाइडच्या पुढे, जिथे जुनी लाइन धरणाच्या पाण्याखाली गेली, तिथे मे २०२१ मध्ये क्लाइड ते क्रॉमवेल अशी लेक डन्स्टन वाट खुली झाली. काही ठिकाणी ती कड्याला टांगलेल्या फळ्यांच्या पुलांवरून जाते. तिला तुफान गर्दी असते आणि ती थरारक आहे, पण तिच्यावर तीव्र चढउतार आहेत, कारण आगगाडीचा मंद चढ तळ्याच्या तळाशी गेला. दोन्ही वाटा लागोपाठ करणाऱ्याला रेल्वेच्या आखणीने आपलं काय काम केलं होतं ते पहिल्याच चढावर कळतं.

या वाटेचा कच्चा दुवा तिच्या दुसऱ्या टोकाला आहे. मिडलमार्चपासून ड्युनेडिन शहरापर्यंतची लाइन १९९० साली उखडली गेली नाही. तो भाग ड्युनेडिनच्या नगरपालिकेने विकत घेतला आणि टाएरीच्या घळीतून पर्यटकांची गाडी चालू राहिली. शहरातून आगगाडीत सायकल टाकायची, डोंगर ओलांडायचा, उतरायचं आणि सायकल धरायची, ही सोय अपूर्व होती. सबंध प्रवासात मोटररस्त्याला चाक लावायची गरज नसे. २०२० साली, कोविडच्या काळात, ती गाडी थांबवण्यात आली. नंतर काही सहली पुन्हा सुरू झाल्या, पण मिडलमार्चपर्यंतची जुनी नियमित सोय परत आलेली नाही. आज क्लाइडहून निघालेला सायकलस्वार मिडलमार्चला पोचतो आणि शहर गाठण्यासाठी बहुधा व्हॅनमध्ये बसतो, नाहीतर मोटररस्त्याला लागतो, त्याच ट्रकांच्या सोबतीला.

त्या उरलेल्या लाइनचं काय करावं? रूळ काढून सायकलवाट पुढे वाढवावी, हे उत्तर मोहात पाडणारं आहे. मला ते पटत नाही. पलीकडचे १५२ किलोमीटर सायकलला मिळाले ते आगगाडी तिथे जगणार नव्हती म्हणून. इथे आगगाडी सायकलवाटेचं दार होती, आणि दार काढून अंगण वाढवण्यात लाभ नाही. गाडी पुन्हा सुरू व्हायला दहा वर्षं लागतील, कदाचित वीस. तोवर निदान पट्टा तुटू नये, रूळ जागेवर राहावेत, पुलांची निगा व्हावी. १९९०मध्ये मिडलमार्चच्या पलीकडच्या पट्ट्याला जी तीन वर्षं मिळाली, तशी आता अलीकडच्या पट्ट्याला मिळायला हवीत.